सहाचा गजर अजून वाजतो: स्वतःशी नीट वागायचं म्हणजे नक्की काय करायचं?

उंबरठ्यावर:

इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

बाबांना जाऊन सात महिने झाले. त्याआधीची सव्वातीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं मीच बघत होते. आधी बिनपगारी रजा, मग अर्धवेळ काम, आता पुन्हा पूर्णवेळ रुजू झालेय. भेटेल तो म्हणतो, 'ते सुटले, तूही मोकळी झालीस.' मोकळी झाले म्हणजे काय झाले, ते मला अजून उमगलेलं नाही.

फोनमध्ये पहाटे सहाचा गजर आहे. त्यावर लिहिलंय, 'बाबा, थायरॉइड, उपाशीपोटी'. तो अजून रोज वाजतो. मी उठते, बंद करते आणि छताकडे बघत पडून राहते. कायमचा काढून टाकायला दोन सेकंद लागतील. सात महिन्यांत जमलेलं नाही.

ऑफिसात धांदरटपणा चाललाय. गेल्या आठवड्यात एकाची फाइल दुसऱ्याला पाठवली. कुणी फार बोललं नाही, पण मी दिवसभर स्वतःला सोलून काढलं. 'साधं एक काम धड होत नाही', 'सगळ्यांचेच आईवडील जातात, तुझंच काय एवढं?' ही टेप. आणि टेपच्या शेवटी कायम तीच एक रात्र. बाबा जायच्या पंधरा दिवस आधीची. त्यांनी चौथ्यांदा हाक मारली आणि मी ओरडले, 'किती वेळा उठवणार आहात मला?' ते काही बोलले नाहीत. उजाडेपर्यंत त्यांनी परत हाक मारली नाही.

मैत्रीण म्हणते, सेल्फ-कम्पॅशन (स्वतःवर करुणा करणं) शीक, स्वतःवर प्रेम कर. आरशासमोर उभं राहून 'मी छान आहे' म्हणून पाहिलं. हसू आलं नाही, रडू आलं नाही, दात घासायचे राहिलेत एवढं मात्र लक्षात आलं.

कुणी हे खरंच केलंय का? म्हणजे नेमकं काय केलंत?

खडूस_काका:

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्वतःला गोंजारत बसण्याची ही नवी टूम आहे. दुःख असतंच. कामाला जुंपून घ्यायचं, दिवस जातात. चुकलं तर चुकलं म्हणायची हिंमत ठेवावी, 'असू दे असू दे' करत बसलं की माणूस ढिला पडतो. आम्हाला कुणी गोंजारलं नाही, आम्ही काही मेलो नाही.

त्या रात्रीचं मात्र वाचून गप्प झालो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निळी_शाई:

मी समुपदेशनात काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. काकांचा आक्षेप नेहमीचाच आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही, कारण आरशासमोर 'मी छान आहे' म्हणणं हे खरोखरच गोंजारणं आहे. तुम्हाला ते जमलं नाही यात तुमचा दोष नाही. मन खोटं पकडतं.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञेने २००३ साली सेल्फ-कम्पॅशनची कल्पना मोजता येईल अशा रूपात मांडली. तिला स्वतःला हे सापडलं ते डॉक्टरेट संपत आली असताना, घटस्फोटानंतरच्या काळात, एका ध्यानाच्या वर्गात. तिच्या मांडणीत तीन धागे आहेत. स्वतःवर कोरडे ओढण्याऐवजी मायेनं वागणं, हा पहिला. दुसरा, 'माझ्याच वाट्याला हे आलं, मीच अशी' या एकटेपणाऐवजी 'माणसांचं असं होतं' याची जाणीव. आणि तिसरा, दुःख दाबायचंही नाही आणि त्यात वाहूनही जायचं नाही, तर 'आत्ता दुखतंय' एवढं बघायचं. लोक पहिलाच धागा उचलतात आणि तो तुटला की म्हणतात, हे काही खरं नाही.

तुमची टेप पुन्हा वाचा. 'सगळ्यांचेच आईवडील जातात' हे वाक्य दुसऱ्या धाग्याचंच आहे, पण तुम्ही ते चाबकासारखं वापरताय. सगळ्यांचेच जातात, म्हणून तुला रडायचा हक्क नाही. तेच वाक्य उलट्या बाजूनंही धरता येतं. सगळ्यांचेच जातात, आणि सगळ्यांनाच ते असं जड जातं.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्ही ओरडलात. ते पुसायचं नाही, 'तू काही चुकलीच नाहीस' असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी तुम्हाला पटणार नाही. पण त्या रात्रीचा अहवाल अर्धाच लिहिला जातोय. चौथी हाक तुम्ही नोंदवलीत. आधीच्या तीन हाकांना उठलात, त्या कुठे आहेत? सव्वातीन वर्षांतल्या बाकीच्या रात्री कुठे आहेत? स्वतःवर करुणा करणं म्हणजे अहवालात खाडाखोड करणं नव्हे, तो पुरा लिहिणं.

एक काम देते. बाबांकडून रात्री काही सांडलं, लवंडलं, अंथरूण ओलं झालं, की तुम्ही काय म्हणायचात? ते वाक्य जसंच्या तसं इथे लिहा.

शिट्टीवाला:

काका, मी वीस वर्षं मुलांना पळायला शिकवतोय, तेव्हा 'ढिला पडतो' याबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे.

अडथळ्यांच्या शर्यतीत पाचव्या अडथळ्याला पाय लागला तर नजर सहाव्यावर हवी. जो पोरगा स्वतःला शिव्या घालतो, त्याचं अर्धं डोकं पाचव्यावरच अडकलेलं असतं, आणि मग सहावाही पडतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं किती मनावर घेतं. मनावर घेतंय, पण शर्यत घेत नाहीये. सुरुवातीची आठ-दहा वर्षं मीच ओरडून ओरडून मुलांना तसं बनवलं, हे आता कळतं.

याच्यावर प्रयोगही झालाय. ब्राइन्स आणि चेन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. नापास होणार हे ठरलेलंच. मग एका गटाला सांगितलं, ही परीक्षा बऱ्याच जणांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाला सांगितलं, तुम्ही इथे प्रवेश मिळवलात म्हणजे हुशारच असणार. पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसला तो पहिला गट. 'तू हुशार आहेस'वाला नव्हे. आरशासमोरचं वाक्य का चालत नाही ते इथे दिसतं.

खडूस_काका:

शिट्टीवाले, प्रयोग रोचक आहे, मान्य. पण एका परीक्षेवरून आयुष्याबद्दल बोलू नये. मीही थोडं वाचून आलोय. स्वतःशी मायेनं वागणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता कमी आढळते, असं बऱ्याच अभ्यासांच्या २०१२च्या एका एकत्रित विश्लेषणात आहे. पण माया केली म्हणून नैराश्य कमी, की नैराश्य कमी म्हणून माया करायला जीवात जीव आहे? आणि नेफबाईंच्या त्या २६ प्रश्नांच्या मोजपट्टीत निम्मे प्रश्न तर 'तुम्ही स्वतःवर किती कठोर आहात' याच जातीचे. जो खचलाय त्याचे गुण कमी येणारच की.

निळी_शाई:

काका, गृहपाठ उत्तम. :) मोजपट्टीवरचा हा वाद अभ्यासकांमध्येही आहे. म्हणूनच मी कुणाला गुण मोजायला सांगत नाही.

शब्दवेडा:

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

'आत्मकरुणा' हा शब्द मला कागदी वाटतो. कुणी घरात 'अगं, जरा आत्मकरुणा कर' असं म्हणतं का? कीव म्हणावं तर ती वरून खाली बघते. दया म्हणावं तर तिला हात पसरलेला माणूस लागतो. कणव छान आहे, पण ती येते, करता येत नाही. शब्द शोधत होतो आणि धाग्याचीच दुसरी ओळ दिसली. 'पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.'

हाच तो शब्द आहे हो. सांभाळून घेणं. गायक गाण्याआधी म्हणतो, आवाज बसलाय, सांभाळून घ्या. नवा माणूस कामावर येतो, वरिष्ठ म्हणतात, चार दिवस सांभाळून घ्या त्याला. यात चूक नाकारलेली नाही, चूक होणार हे धरूनच चाललोय. कौतुकही नाही. फक्त माणसाला बाहेर काढायचं नाही, एवढाच करार.

उंबरठ्यावर, तुम्ही आम्हा अनोळखी लोकांकडे दुसऱ्याच ओळीत हे हक्कानं मागितलंत. घरात मागून बघा.

नुसतीवाचक:

शब्दवेडा, +१. लॉगिन करायला लावलंत.

दोनाचे_एक:

माझं निमित्त वेगळं. लग्न मोडलं, घर बदललं, तीन महिने खोकी उघडली नव्हती. दोरीनं बांधलेली, वर माझ्याच अक्षरात 'स्वयंपाकघर', 'पुस्तकं', 'इतर'. सगळ्यात मोठं खोकं 'इतर'.

तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून रोज रात्री फोनवर चार मिनिटं बोलून रेकॉर्ड करायला लागलो. जे येईल ते. दोन आठवड्यांनी एकदा मागचं ऐकलं आणि हादरलो. शब्दांनी नाही, आवाजानं. त्या आवाजात माझ्याशी दुसरं कुणी बोललं असतं तर मी फोन आपटला असता. आणि मी ते चोवीस तास ऐकत होतो.

नंतर कळलं की चार मिनिटांमागेही अभ्यास आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठात स्बारा आणि सहकाऱ्यांनी घटस्फोट घेतलेल्या शंभरावर लोकांना आपल्या विभक्त होण्याबद्दल चार मिनिटं सलग बोलायला लावलं. त्या बोलण्यात स्वतःबद्दल किती माया आहे हे परीक्षकांनी ऐकून ठरवलं. ज्यांच्या बोलण्यात ती जास्त होती, त्यांना त्या आठवणींचा रोजच्या जगण्यातला त्रास कमी होता, आणि नऊ महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. (काका, हो, यातही कोंबडी आधी की अंडं हा प्रश्न उरतोच.)

मी काय केलं तर आवाज बदलायचा प्रयत्न. शब्द तेच ठेवले. 'आज परत तिला मेसेज केलास' हेच वाक्य, पण धाकट्या भावाला म्हणावं तसं. पहिले काही दिवस नाटकी वाटलं. नंतर नाटक थोडं कमी नाटकी झालं, इतकंच सांगू शकतो.

आणखी एक. विल्यम ब्रिजेस नावाच्या अमेरिकी सल्लागारानं बदल आणि स्थित्यंतर यांत फरक केलाय. बदल एका तारखेला होतो. कागदावर सही झाली, माणूस गेला, संपलं. स्थित्यंतर आतलं असतं आणि ते शेवटापासून सुरू होतं. आधी जुनं सुटतं, मग बराच लांब मधला पट्टा, जिथे जुनं नाही आणि नवंही नाही, आणि मग कधीतरी सुरुवात. आपण तारखेवरून हिशेब मांडतो आणि सात महिने झाले तरी कसं नाही झालं म्हणून स्वतःला धारेवर धरतो. तुमचं तर सव्वातीन वर्षं दिवसाचं वेळापत्रकच दुसऱ्या माणसाच्या शरीरावर लावलेलं होतं. ते गेल्यावर घड्याळ कशावर लावायचं, हा काही छोटा प्रश्न नाही.

उंबरठ्यावर:

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही. पुन्हा पुन्हा वाचतेय.

निळी_शाई, ते वाक्य. बाबांचं अंथरूण ओलं झालं की त्यांना फार लाजल्यासारखं व्हायचं, भिंतीकडे तोंड करायचे. मी म्हणायची, 'असू दे, होतं. जरा कुशीवर वळा.' मग चादर अर्धी काढायची, त्यांना इकडच्या कुशीवर घ्यायचं, उरलेली अर्धी. दोन मिनिटांचं काम. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही.

हे टाइप करताना जे रडू आलं ते बाबा गेले त्या दिवशीही आलं नव्हतं. रात्रभर. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं, रजा टाकली. खरं सांगू, आधी बरी होते. टेप लावून का होईना, कामाला जात होते. हे चांगलं की वाईट?

निळी_शाई:

दोन्ही नाही. याचा अंदाज मी आधीच द्यायला हवा होता, ही चूक माझी.

नेफबरोबर काम करणाऱ्या क्रिस्टोफर गर्मर यांनी यासाठी अग्निशमन दलाचा दाखला घेतलाय. बंद खोलीत आग धुमसत असते, हवा संपत आलेली असते. अशा वेळी एकदम दार उघडलं की बाहेरची हवा आत घुसते आणि ज्वाळा भसकन बाहेर येतात. बराच काळ बंद ठेवलेल्या मनात माया शिरली की तसंच होतं. आग मायेनं लावलेली नसते, ती आत होतीच.

म्हणून दार सताड उघडू नका. किलकिलं करा. रडू फार अंगावर आलं तर करुणा वगैरे बाजूला ठेवा, पाय जमिनीवर टेकलेत ते बघा, पाणी प्या, चादरीच्या घड्या घाला, हातांना काम द्या. तेही स्वतःला सांभाळून घेणंच आहे, फक्त बिनबोलाचं. त्या मानानं छातीवर हात ठेवून स्वतःशी मायेनं बोलणं वगैरे बरंच पुढचं.

पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांची यावरची मांडणी मला उपयोगी वाटते. माणसात तीन यंत्रणा असतात, धोका ओळखणारी, मिळवायला धावणारी आणि निवांत करणारी. तुमच्या पहिल्या दोन यंत्रणा सव्वातीन वर्षं जोरात चालल्यात. तिसरी गंजलीय. गंजलेलं यंत्र सुरू करताना खडखडणारच.

जागरण:

एक सावधगिरीचा सूर लावतो, कारण मी तिथून आलोय.

मी आठ महिने स्वतःला समजून घेत बसलो होतो. डायरी, श्वास, सगळं. फरक शून्य, आणि मग 'हेही तुला जमत नाही' हा नवा आसूड हातात आला. मला नैराश्याचा आजार होता. औषधं सुरू झाल्यावर सहा-सात आठवड्यांनी ह्या गोष्टींना पकड यायला लागली. आधी पाय ठेवायला जमीन लागते.

तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन बुडालेलं असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. जगूच नये असं वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. शोक हा आजार नव्हे, पण तो लांबून माणसाला जखडून टाकतो तेव्हा त्यालाही निदान आणि उपचार आहेत. गंमत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०२२च्या पुस्तकात मोठ्या माणसांसाठी एक वर्षाची. तज्ज्ञांचंही कॅलेंडर एक नाही, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचं 'आता सावर' कशाला मोजायचं?

उंबरठ्यावर:

जागरण, डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या मंगळवारची. तुमचा प्रतिसाद वाचूनच घेतली.

खडूस_काका:

एक लिहायचं होतं, दोन दिवस टाळतोय.

माझी आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. मी दुसऱ्या दिवशी कामावर होतो आणि त्याचा मला अभिमान होता. वर लिहिलंय ना, कामाला जुंपून घ्यायचं. पण ताईंचं 'उजाडेपर्यंत त्यांनी परत हाक मारली नाही' वाचल्यापासून मला माझी एक रात्र आठवतेय. काय ते लिहीत नाही. एकोणीस वर्षं जुंपून घेऊनही ती जिथल्या तिथे आहे, एवढीच नोंद.

माझं मत लगेच बदललं असं समजू नका.

शब्दवेडा:

काका, सांभाळून घेतलं.

उंबरठ्यावर:

तीन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांकडे जाऊन आले. औषध सध्या नको म्हणाल्या, समुपदेशन सुरू करायला सांगितलं. तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळेला जायचा कंटाळा आला होता, गेले.

काल ऑफिसात परत घोळ घातला. बैठकीची वेळ चुकीची कळवली, चार माणसं तासभर आधी येऊन बसली. टेप सुरू होणार हे मानेमागे जाणवतं मला आता, तिथे आधी ताठ होतं. मी जिन्यात गेले. काय म्हणावं सुचेना, तर तोंडातून तेच निघालं, 'असू दे, होतं. जरा कुशीवर वळा.' स्वतःलाच अहोजाहो! जिन्यात एकटीच हसले. मग वर येऊन चौघांची माफी मागितली, नवी वेळ कळवली. संध्याकाळपर्यंत टेप दोनदा लागली, पण शेवटपर्यंत गेली नाही.

ती रात्र आहेच. समुपदेशक म्हणाल्या तसं ती पूर्ण लिहून काढली, पहिल्या हाकेपासून. पहिल्या हाकेला पाणी, दुसरीला पाय दुखत होते म्हणून चोळून दिले, तिसरीला नुसतंच विचारलं होतं त्यांनी, किती वाजले. हे मी साफ विसरले होते. पावणेतीन वाजले होते.

गजर अजून आहे. शनिवार-रविवारचा तेवढा काढला.

खडूस_काका:

मग रविवारी किती वाजता उठलात?

उंबरठ्यावर:

सहालाच, काका.